जमा: एक करदोटा, एक जोडी चप्पल

कोठीची वही मी लिहितो, कन्नडात,
गेली एकोणीस वर्षं.
अक्षर बरं आहे म्हणतात हिरेमठ मॅडम,
तपासणीच्या दिवशी हीच वही आधी पुढं करतात.

भरमाण्णा मुतगेकर. वय पंधरा, अंदाजे.
दाखला नव्हता, म्हणून सिव्हिलला नेऊन
मनगटाच्या हाडाचा फोटो काढला.
सरकारला जन्मसाल हाडात सापडतं.
आईला विचारलं तर म्हणाली,
वडगावातल्या मागांचा संप मिटला त्या आठवड्यात.
असा रकाना आमच्या फॉर्मात नाही.

उद्यमबागेतली बंद फाउंड्री, तांब्याची तार चार किलो.
ती पोलिसांकडं. माझ्याकडं आलं ते:
निळी चप्पल, डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन.
बावीस रुपये.
एक करदोटा.

दोरी आत चालत नाही.
नियम आहे, आणि नियमामागं एक पंखा आहे
जुन्या इमारतीतल्या वरच्या खोलीतला,
ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.
कात्री मी स्वतः पुसून ठेवतो.
त्यानं सदरा वर धरला, पोट आत ओढलं
सुई टोचून घेताना पोरं ओढतात तसं,
आणि म्हणाला, आई रागवेल.
वहीत मी लिहिलं: उडदार, काळा, एक.
घरी मीही करदोटाच म्हणतो.

साडेपाचला कॅम्पातला बिगुल, सहाला आमची शिट्टी.
मोजणी दिवसातनं चार वेळा.
रांगेत ज्यानं त्यानं आपला आकडा ओरडायचा.
गोकाकचा बसलिंग हदिनारु म्हणाला
की भरमानं हदिनेळु.
महिनाभरात त्याला आलेलं कन्नड तेवढंच, सतरा.
बुधवारी अंडं, न खाणाऱ्याला केळं.
डाळ माणशी किती ते भिंतीवर रंगवलंय.
शिवणयंत्रं सहा, चालू दोन;
समितीची गाडी फाटकात वळली
की सहाही चालतात, सुई नसलेलीसुद्धा.
आणि रोज संध्याकाळी कोठीच्या जाळीशी येऊन तो:
सर, आई येऊलीय काय?

बोर्डापुढं त्याचा जबाब वाचायचा होता.
मी दुभाषा नव्हे. तरी मॅडमनी हाक मारली,
तुम्हाला दोन्ही येतात ना, सांगा त्याला.
चार पानं मी दोन वाक्यांत सांगितली.
कुठली दोन, आता आठवत नाही.
त्यानं कागदाकडं नाही, माझ्याकडं बघून मान हलवली
आणि सही केली, मराठीत,
बोडक्या अक्षरांत.

आठ महिन्यांनी सुटला. न्यायला मामा आला.
बावीस रुपये मोजून दिले.
करदोट्याची कापलेली टोकं त्यानं पोटावर जुळवून बघितली,
चार बोटं कमी पडली.
चपलेतनं टाच बाहेर.
हे पाऊल इथंच वाढलं, भिंतीवरच्या डाळीवर,
ते मी जमेत धरू की खर्चात?
लिहिलं: सर्व वस्तू सुस्थितीत परत.
चप्पल बगलेत मारून अनवाणीच गेला,
मामाच्या पुढं दोन पावलं.
मागं बघितलं नाही. बरं झालं.

रात्री मोजणीला बसलिंग म्हणाला, हदिनारु.
मग कुणीच काही नाही.
पलीकडचं खानापूरचं पोरगं, नवं,
ते सवयीनं थांबलं, थांबलं, आणि म्हणालं, हदिनेंटु.
मॅडम म्हणाल्या, परत.
परत तेच.
तिसऱ्यांदा मी दाराशी उभा होतो, हातात किल्ल्या,
आणि मधला आकडा माझ्याच तोंडातनं गेला.

बेरीज जुळली.
कालचीच.